जुनी गाडी आणि ‘टोटल लॉस’: पॅकेज पॉलिसी खरंच किती कामाला येते?

पाच वर्षं उलटलेल्या गाडीची पॉलिसी नूतनीकरणाला आली की बहुतेक घरांत एकच आकडा पाहिला जातो: हप्ता किती? त्याच कागदावर छापलेला दुसरा आकडा, म्हणजे आयडीव्ही, गाडीचं घोषित विमामूल्य, नजरेतून सुटतो. गाडी जोरात ठोकली गेली किंवा पुरात बुडाली की मात्र सगळा व्यवहार या आकड्याभोवती फिरू लागतो. तेव्हा तो बदलता येत नाही.

हे परीक्षण कोणत्याही एका कंपनीचं नाही. खासगी गाडीच्या पॅकेज पॉलिसीचा (आपल्या गाडीचं आणि दुसऱ्याचं, दोन्ही नुकसान धरणाऱ्या विम्याचा) मूळ मसुदा सगळीकडे जवळजवळ सारखा आहे, म्हणून त्याचे गुणदोषही सारखेच. इथे तपासायचं आहे ते एवढंच: पाच ते पंधरा वर्षांच्या गाडीवर टोटल लॉसची, म्हणजे गाडी पूर्ण गेली असं धरण्याची वेळ आली तर हे उत्पादन मालकाला कुठे साथ देतं आणि कुठे उघड्यावर टाकतं. निष्कर्ष आधीच सांगतो. गाडी पूर्ण चेपली किंवा चोरीला गेली तर पॉलिसी चोख काम करते. सगळ्यात वाईट अवस्था वेगळीच आहे: नुकसान टोटल लॉसच्या उंबरठ्याच्या जरा अलीकडे थांबतं तेव्हाची.

उंबरठा कुठे आहे

२००२ च्या इंडियन मोटर टॅरिफमधले हप्त्याचे दर १ जानेवारी २००७ पासून खुले झाले, पण पॉलिसीची भाषा बरीचशी तीच राहिली. त्यानुसार गाडी परत आणण्याचा आणि दुरुस्तीचा एकूण खर्च, पॉलिसीच्या अटींच्या अधीन राहून, आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त होत असेल तर ती ‘कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस’. म्हणजे गाडी दुरुस्त होऊ शकते, पण करणं परवडत नाही.

आयडीव्ही ठरतो गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या चालू यादीतल्या विक्री किमतीवरून. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घट, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५०. पाच वर्षांनंतर तक्ता संपतो. पुढे, आणि बंद पडलेल्या मॉडेलसाठीसुद्धा, आयडीव्ही विमा कंपनी आणि मालक यांच्या आपसातल्या संमतीनं ठरतो. ‘संमती’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक मालकांना आपण ती दिली आहे हेच ठाऊक नसतं. वेबसाइटवरची सरकपट्टी डावीकडे होती, हप्ता कमी दिसला, बटण दाबलं. झाली संमती.

या मसुद्यातली एक गोष्ट खरोखर मालकाच्या बाजूची आहे. टोटल लॉसच्या दाव्यात पॉलिसीवरचा आयडीव्ही हाच वर्षभर बाजारभाव मानायचा, त्यातून आणखी घसारा कापायचा नाही. अपघात अकराव्या महिन्यात झाला म्हणून ‘आता गाडीची किंमत उतरली’ असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे. कापलं जातं ते सक्तीचं वजावट-मूल्य: १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये, त्यावर २,०००. स्वेच्छेनं जास्त वजावट स्वीकारून हप्त्यात सूट घेतली असेल तर तीही.

उंबरठ्याच्या अलीकडचा खड्डा

‘पॉलिसीच्या अटींच्या अधीन राहून’ या चार शब्दांत जुन्या गाडीची सगळी अडचण आहे. सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासून रक्कम ठरवणारे, साधारणपणे ७५ टक्क्यांची तुलना वर्कशॉपच्या पूर्ण एस्टिमेटशी करत नाहीत. घसारा कापून कंपनीला प्रत्यक्ष किती द्यावे लागतील त्याच्याशी करतात. आणि जुन्या गाडीला घसारा भरपूर लागतो. रबर, नायलॉन, प्लास्टिक, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांवर ५० टक्के. फायबर ग्लासवर ३०. काचेवर काही नाही. पत्र्याच्या आणि इतर भागांवर वयानुसार: पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४०, दहाच्या वर ५०. रंगकामात फक्त मालावर ५० टक्के. बिलात माल वेगळा दाखवला नसेल तर एकूण रंगकामाचा चौथा हिस्सा माल धरतात.

आता आकडे मांडून बघू. आठ वर्षांची, १२०० सीसीच्या आतली गाडी, आयडीव्ही २,००,००० रुपये. उंबरठा १,५०,०००. समोरून धडक, एस्टिमेट असं: पत्र्याचे व यांत्रिक भाग ९०,०००, प्लास्टिक-रबर आणि एअरबॅग ६०,०००, काच १०,०००, मजुरी ३०,०००, रंग २०,०००. एकूण २,१०,०००, म्हणजे आयडीव्हीपेक्षाही जास्त. कुणीही म्हणेल, हा तर टोटल लॉस.

कंपनीचा हिशोब वेगळा. ९०,००० चे ५४,०००, ६०,००० चे ३०,०००, काच पूर्ण १०,०००, मजुरी पूर्ण ३०,०००, रंगाचे १७,५००. बेरीज १,४१,५००, त्यातून वजावट १,०००. कंपनीची देणी १,४०,५००. उंबरठ्याच्या आत. म्हणून निर्णय ‘दुरुस्ती करा’, आणि मालकाच्या खिशातून ६९,५०० रुपये. एवढे घालून हातात येते ती मोठ्या धडकेतून जोडलेली आठ वर्षांची गाडी, जिला विकताना पूर्वीचा भाव कुणी देत नाही. वर पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट, शून्य.

या पॉलिसीतला हा सर्वात मोठा दोष आहे आणि विक्रीच्या वेळी तो कुणी सांगत नाही. एजंटनं, वेबसाइटनं, शोरूममधल्या विमा-टेबलानं हा हिशोब एकदा तरी ग्राहकापुढे मांडायला हवा.

यावर उपाय दोन. पहिला झीरो डेप्रिसिएशनचं अॅड-ऑन, म्हणजे भागांवर घसारा न कापण्याचं जोड-संरक्षण. ते असेल तर वरच्याच उदाहरणात कंपनीची देणी २,०९,००० होतात, उंबरठा ओलांडला जातो आणि १,९९,००० रुपयांचा टोटल लॉस होतो. अडचण अशी की हे अॅड-ऑन बऱ्याच ठिकाणी पाच वर्षांपर्यंतच मिळतं. काही कंपन्या सात किंवा दहापर्यंत देतात, तेही सलग नूतनीकरण असेल आणि गाडीची तपासणी ठीक निघाली तर. म्हणून पाचव्या वर्षी हप्त्यापेक्षा ‘पुढे किती वर्षं झीरो डेप द्याल?’ हा प्रश्न विचारून कंपनी निवडावी. रिटर्न टू इनव्हॉइसचा (मूळ बिलाची किंमत देणाऱ्या अॅड-ऑनचा) विचार या वयात करू नये. ते साधारण पहिल्या तीन ते पाच वर्षांसाठीच असतं.

दुसरा उपाय एस्टिमेट नीट करून घेण्याचा. पहिलं एस्टिमेट बाहेरून बघून केलेलं असतं. बोनेट, बंपर, रेडिएटर सपोर्ट उतरवल्यावर आतलं नुकसान दिसतं: वाकलेला एप्रन, लाँग मेंबर (सांगाड्याचा लांब दांडा), सबफ्रेम, गिअरबॉक्सचा तडकलेला कान. गाडी उंबरठ्याजवळ असेल तर सर्व्हेअरसमोर उघडून बघण्याची लेखी मागणी करावी आणि पुरवणी एस्टिमेट घ्यावं. एअरबॅग उघडल्या असतील तर फक्त बॅगा मोजून भागत नाही. एअरबॅग यंत्रणेचं (एसआरएस) कंट्रोल युनिट, समोरचे सेन्सर, पट्ट्यांचे प्रीटेन्शनर, स्टिअरिंगखालची क्लॉक स्प्रिंग, बऱ्याचदा डॅशबोर्डही बदलावा लागतो. हे भाग सुरुवातीच्या एस्टिमेटमध्ये हमखास सुटतात.

आयडीव्ही किती ठेवावा

इथे दोन उलटसुलट सल्ले ऐकू येतात. ‘जुन्या गाडीला कशाला जास्त, हप्ता वाचव’ हा एक, आणि ‘जितका जास्त तितका चांगला’ हा दुसरा. दोन्ही अर्धवट.

आयडीव्ही खाली ओढला तर उंबरठाही खाली येतो. वरच्या गाडीचा आयडीव्ही १,८०,००० असता तर ७५ टक्के म्हणजे १,३५,०००, आणि तेच नुकसान टोटल लॉस ठरून १,७९,००० मिळाले असते. कागदावर हे आकर्षक दिसतं. पण गाडी चोरीला गेली किंवा जळून खाक झाली तर तेवढेच १,७९,०००, मग बाजारात तशीच गाडी अडीच लाखांना मिळत का असेना. उलट, आयडीव्ही फुगवला तर उंबरठा वर सरकतो आणि खड्डा आणखी रुंद होतो. आपल्याच मॉडेलची, त्याच साली तयार झालेली, त्याच इंधनाची आणि तितक्याच धावलेली गाडी जुन्या बाजारात कितीला जाते ते तीन-चार ठिकाणी बघावं, आणि आयडीव्ही त्याच्या आसपास ठेवावा. त्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट तारखेसह पॉलिसीच्या फाइलमध्ये ठेवावेत.

आयडीव्ही वाढवण्याची किंमत लोकांना वाटते तितकी नसते. टॅरिफचा मूळ दर घेऊ. मुंबई आणि पुणे ‘ए’ झोनमध्ये येतात; तिथे १००० ते १५०० सीसीच्या, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीच्या भागाचा, दर ३.४४७ टक्के होता. ५०,००० रुपयांनी आयडीव्ही वाढवला तर १,७२३ रुपये वाढतात. ५० टक्के नो क्लेम बोनस असेल तर ८६२, वर जीएसटी. आज कंपन्या या दरावर सवलत देतात, म्हणजे फरक त्याहूनही कमी. दरवर्षी आठ-नऊशे वाचवण्यासाठी पन्नास हजारांचं संरक्षण सोडणं हा तोट्याचाच व्यवहार.

सीएनजी किट नंतर बसवलं असेल तर त्याची नोंद आरसीवर आणि पॉलिसीवर दोन्हीकडे हवी. किटचं मूल्य वेगळं धरून त्यावर ४ टक्के हप्ता लागतो. ही नोंद नसेल तर किटचे पैसे तर जातातच, दाव्यावरही शंका घेतली जाते. पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या गाडीची नोंदणी नूतनीकृत नसेल तर आधी ते करून घ्यावं; मुदत संपलेल्या आरसीवर ओन डॅमेजचा दावा मागणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. पीयूसीबद्दल मात्र उगाच भीती आहे: केवळ पीयूसी नव्हतं म्हणून दावा नाकारता येत नाही, असा खुलासा विमा नियामकानं २०२० मध्येच केला आहे. ३१ डिसेंबर १९४० च्या आधीच्या प्रमाणित व्हिंटेज गाड्यांचा हिशोब पूर्ण वेगळा, त्यांना आधी ठरवलेल्या मूल्यावर विमा मिळतो.

आणि फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर पुढचं काहीच लागू नाही. तिच्यात आपल्या गाडीसाठी एक रुपयाही नसतो.

पहिले दोन दिवस

जागेवरचे फोटो चारही कोपऱ्यांतून, नंबर प्लेट दिसेल असे, आणि मीटरचं रीडिंग. मग कंपनीला कळवणं. कुणी जखमी असेल किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान असेल तर पोलिसांत नोंद. टोइंगची पावती जपावी. मूळ पॉलिसीत खासगी गाडीसाठी ओढून नेण्याच्या खर्चाची मर्यादा फक्त १,५०० रुपये आहे, बाकीचं रोडसाइड असिस्टन्समधून निघालं तर निघालं.

बुडालेल्या गाडीबाबत एकच नियम, आणि तो घरातल्या प्रत्येकाला माहीत हवा: चावी फिरवायची नाही. पाणी सिलिंडरमध्ये शिरलेलं असतं, पाणी दाबलं जात नाही, पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. याला हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात, आणि इंजीन प्रोटेक्टचं अॅड-ऑन नसेल तर कंपनी हे नुकसान ‘नंतर झालेलं’ म्हणून वगळते. म्हणजे जे इंजीन पुराच्या दाव्यात बसलं असतं ते एका स्टार्टमुळे बाहेर पडतं. जमलं तर बॅटरीची ऋण तार सोडावी, गाडी ढकलून किंवा फ्लॅटबेडवर न्यावी, आणि आत पाणी कुठवर आलं होतं त्याची रेघ दिसेल असे फोटो घ्यावेत. पाणी फक्त गालिच्यापर्यंत असेल तर गाडी सहसा वाचते. सीटच्या वर गेलं तर वायरिंग आणि मॉड्यूल. डॅशबोर्डपर्यंत गेलं तर जुन्या गाडीचा टोटल लॉस जवळपास ठरलेला. २६ जुलै २००५ ला मुंबईत, २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ च्या जुलैत चिपळूणला जे पाणी आलं ते शेवटच्या प्रकारातलं होतं.

वर्कशॉपमध्ये गाडी ठेवण्याआधी दोन गोष्टी लेखी विचाराव्यात: तिथे दुरुस्ती झाली नाही तर एस्टिमेटचं शुल्क किती, आणि पार्किंगचं भाडं दिवसाला किती. टोटल लॉसचा निर्णय रेंगाळला की हे मीटर मालकाच्या नावावर चालू राहतं आणि विमा कंपनी ते देईलच असं नाही. गाडीतलं वैयक्तिक सामान लगेच काढावं. बॅटरी, म्युझिक सिस्टिम, स्टेपनी काढू नये. सर्व्हेच्या यादीत असलेला भाग नंतर गायब दिसला तर त्याचे पैसे कापले जातात.

५०,००० रुपयांवरच्या मोटार दाव्याला परवानाधारक सर्व्हेअर लागतोच. नियामकाच्या २०२४ च्या मास्टर सर्क्युलरप्रमाणे दावा कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्यानं १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यावर कंपनीनं ७ दिवसांत निर्णय घ्यायचा. या तारखा वहीत लिहून ठेवाव्यात आणि प्रत्येक टप्पा उलटला की ईमेल करावा, फोन नव्हे. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागण्याचा मालकाला हक्क आहे. ती मागावीच, कारण घसाऱ्याची टक्केवारी, वगळलेले भाग आणि सॅल्व्हेजची (मोडक्या गाडीची) किंमत सगळं तिथेच असतं.

पैसे घ्यायचे की गाडी ठेवायची

टोटल लॉस मान्य झाला की मालकापुढे साधारण दोन वाटा येतात. एक, पूर्ण रक्कम घ्या आणि मोडलेली गाडी कंपनीच्या ताब्यात द्या. दुसरी ‘नेट ऑफ सॅल्व्हेज’: गाडी तुमच्याकडे, तिची भंगारातली किंमत दाव्यातून वजा. ही किंमत ऑनलाइन लिलावातल्या सर्वात मोठ्या बोलीवरून ठरते. आपल्या झीरो डेपच्या उदाहरणात सर्वोच्च बोली ६०,००० असेल तर पहिल्या वाटेनं १,९९,०००, दुसऱ्या वाटेनं १,३९,००० आणि गाडी.

दुसरी वाट निवडताना मनात एक वाक्य पक्कं असावं: आपल्याच मोडक्या गाडीला आपण ६०,००० रुपये मोजतोय. गाडीवर जीव असतो, आणि तो असणं चूक नाही. पण हीच गाडी परक्याची असती तर या किमतीला घेतली असती का, हा प्रश्न विचारून बघावा.

ठेवण्यासारखी गाडी ओळखता येते. नुकसान दरवाजे, फेंडर, बंपर, दिवे, काचा एवढ्यावर असेल आणि एस्टिमेट फक्त नव्या भागांच्या किमतीमुळे फुगलं असेल, तर जुन्या बाजारातले अस्सल दरवाजे-बोनेट आणि चांगला डेंटर यांच्या भरवशावर ती अर्ध्या खर्चात उभी राहते. याउलट लाँग मेंबर दुमडलेला, ‘ए’ किंवा ‘बी’ पिलर (छताचा पुढचा किंवा मधला खांब) सरकलेला, फायरवॉलला (इंजीन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीला) सुरकुती पडलेली किंवा एअरबॅग उघडलेल्या असतील तर सोडून द्यावी. शंका असेल तर टेप घेऊन पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर दोन्ही बाजूंनी मोजावं, मग खालच्या ठरावीक भोकांमधले तिरके कर्ण. दोन्ही बाजूंत सेंटिमीटरभराचा फरक आला तरी सांगाडा हललेला आहे. अशी गाडी रंगवून सुंदर दिसते, पण कॅम्बर (चाकांचा उभा कल) जुळत नाही, टायर एका कडेनं खाते आणि पुढच्या धडकेत तिचा पुढचा भाग जसा चेपायला हवा तसा चेपत नाही. डॅशपर्यंत बुडालेली गाडी तर ठेवूच नये. कनेक्टरच्या आतला हिरवट गंज चार-सहा महिन्यांनी बोलायला लागतो आणि तेव्हा मेकॅनिकलाही दोष सापडत नाही.

ठेवलीच तर लक्षात असू द्या की टोटल लॉसचे पैसे दिल्यावर ती पॉलिसी तिथेच संपते. दुरुस्ती झाल्यावर रस्त्यावर आणण्याआधी निदान थर्ड पार्टी घ्यावीच लागते. पॅकेजसाठी तपासणी होते, आणि काही कंपन्या अशी गाडी नाकारतात.

आरसीचा प्रश्न, जो पैशांपेक्षा मोठा आहे

या सगळ्या व्यवहारात लोक सर्वात जास्त फसतात ते इथे. मोडलेल्या गाडीची बोली आरसीसह असेल तर जास्त येते, आरसी रद्द करून असेल तर कमी. फरकाचं कारण सरळ आहे. आरसी जिवंत असेल तर घेणारा गाडी जोडून पुन्हा रस्त्यावर आणू शकतो. अप्रामाणिक घेणाऱ्याला तर फक्त कागद आणि चेसिसचा नंबर हवा असतो, चोरीच्या तशाच गाडीवर चढवायला. पोलीस तपासांत हा प्रकार पुन्हा पुन्हा उघड झाला आहे.

मालकाची जबाबदारी मात्र आरटीओच्या नोंदीतून त्याचं नाव निघेपर्यंत संपत नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की गाडी कितीही हात फिरली असली तरी नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. म्हणजे आज ६०,००० ला दिलेलं भंगार दोन वर्षांनी कुठेतरी, विमा नसताना, कुणाला धडकलं तर दावा न्यायाधिकरणाची नोटीस तुमच्या घरी येईल.

गाडी पुन्हा चालण्यासारखी नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मालकानं १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवून आरसी जमा करायची आणि नोंदणी रद्द करून घ्यायची असते. सोबत चेसिस नंबरचा कापलेला तुकडा मागतात. म्हणून गाडी ताब्यातून जाण्याआधीच तो काढून घ्यावा किंवा तो मिळेल अशी लेखी अट घालावी. बोली थोडी कमी आली तरी हीच वाट धरावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. विमा कंपनीनंही टोटल लॉसच्या प्रत्येक गाडीत मालकाला हा पर्याय आधी सांगायला हवा. सहसा तो मागितल्याशिवाय पुढे येत नाही, आणि यासाठी या सेवेचे गुण कापावेच लागतात.

आरसीसहच द्यायची ठरली तर मालकी हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३० कोरे सही करून देऊ नयेत. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख भरलेली असावी. ताबा पावतीवर तारीख आणि वेळ दोन्ही, आणि घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत. पैसे बँकेत जमा झाल्यावरच गाडी उचलू द्यावी; बऱ्याचदा कंपनी आयडीव्हीतून बोली वजा करून देते आणि बोलीची रक्कम घेणाऱ्यानं थेट मालकाला द्यायची असते. बोलीला मुदत असते, ती संपू देऊ नये. हस्तांतराची सूचना १४ दिवसांत आरटीओला द्यावी आणि नाव बदललं का ते परिवहनच्या साइटवर बघत राहावं.

तिसरा पर्याय नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्राचा. २०२१ च्या नियमांखाली चालणाऱ्या या केंद्रात गाडी दिली की भंगाराची किंमत आणि ठेव प्रमाणपत्र (गाडी जमा केल्याचा दाखला) मिळतं. नवी खासगी गाडी घेताना या प्रमाणपत्रावर रस्ते करात २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे, प्रत्यक्ष टक्केवारी राज्य ठरवतं. नेट ऑफ सॅल्व्हेज घेऊन गाडी इथे द्यायचा विचार असेल तर बोलीची रक्कम आणि केंद्राचा भाव आधी शेजारी ठेवून बघावेत. केंद्र साधारण वजनाप्रमाणे दर देतं, लिलावातला घेणारा चालू भागांचे पैसे मोजतो. तफावत मोठी असू शकते.

रक्कम पटली नाही तर

डिस्चार्ज व्हाउचर पुढे येतं तेव्हा घाई नको. त्यावर सही केली म्हणून जास्त रकमेसाठी भांडण्याचा हक्क संपत नाही, असं विमा नियामकानं २०१५ मध्ये कंपन्यांना कळवलं आहे. तरी ‘हरकत राखून स्वीकारले’ असं लिहून सही करणं उत्तम. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी, त्यासोबत सर्व्हेअरच्या अहवालातल्या नेमक्या ओळी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, शुल्क नाही, वकील लागत नाही. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची. आयडीव्ही मुळातच कमी घेतला होता ही तक्रार मात्र कुठेच टिकत नाही, कारण तो तुम्ही मान्य केलेला असतो.

गाडीवर कर्ज असेल तर पैसे आधी बँकेला जातात, उरलेले मालकाला. कर्ज फिटल्याचा दाखला आणि फॉर्म ३५ लगेच घ्यावा. त्याशिवाय आरसीवरचा बोजा उतरत नाही आणि बोजा असताना नोंदणी रद्द करायला किंवा नाव बदलायला अडचण येते. थकलेली ई-चलनं त्याआधी भरून टाकावीत. आणि फास्टॅग बंद करायला विसरू नये: काच फुटली तरी खातं चालूच असतं, आणि गाडीसोबत गेलेल्या टॅगवरून टोल तुमच्याच खात्यातून कापला जातो.